तडे शोधणारे नाना

नानांच्या उजव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं असे. बाकीची नऊ नखं दर रविवारी कापलेली आणि हे एकच राखलेलं, टोकाला सरळ घासलेलं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, काहीतरी नवस असेल. नाशकात नवसांना तोटा नाही. पुढे कळलं की ते नख म्हणजे त्यांचं हत्यार. विमानाच्या एखाद्या ब्रॅकेटच्या कडेवरून ते नख हळूहळू ओढत न्यायचे आणि जिथे अडेल तिथे थांबायचे. मग भिंग, मग टॉर्च, मग यंत्र. आमच्याकडे तडे शोधायची महागाची यंत्रं होती, पण नाना यंत्राला शेवटी विचारायचे. यंत्राचं आणि नखाचं पटलं नाही तर यंत्र परत तपासायला जाई.

त्यांचं खरं नाव मी लिहीत नाही. हँगरमध्ये कुणी ते घेतही नसे, मोठे साहेबसुद्धा नानाच म्हणत. आमचं हँगर नाशिकच्या बाहेर, द्राक्षबागांच्या पलीकडे. प्रवासी विमानं तिथे मोठ्या दुरुस्तीला येत आणि महिना-महिना उघडी पडून राहत. काम काय ते थोडक्यात सांगतो. विमान वर चढतं तेव्हा आतल्या हवेने त्याचं अंग फुगतं, खाली उतरलं की पुन्हा बसतं. पंख वाकतात, सरळ होतात. तार पुन्हा पुन्हा वाकवली की जशी तुटते, तसंच हे. फक्त हजारो फेऱ्यांनी. कुठल्यातरी रिव्हेटच्या भोकापाशी केसाएवढा तडा सुरू होतो. तो वाढायच्या आत शोधायचा आणि तो भाग बदलायचा. काही भाग तर तडा असो की नसो, ठरलेले फेरे भरले की काढूनच टाकायचे. मी तिथे तंत्रज्ञ म्हणून लागलो आणि नानांच्या हाताखाली तपासनीस झालो. मला जे येतं ते त्यांनी शिकवलेलं आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगताना मला लाज का वाटते ते कळेल.

शिसपेन्सिलीवर नानांचा फार राग. ॲल्युमिनियमवर पेन्सिलीची रेघ राहिली की तिथून गंज धरतो, हे आम्ही सगळ्यांनीच पुस्तकात वाचलं होतं आणि वाचून विसरलो होतो. नाना विसरत नसत. सकाळी दारात उभं राहून नव्या लोकांचे खिसे चाचपायचे आणि सापडलेल्या पेन्सिली एका रंगाच्या रिकाम्या डब्यात टाकायचे. एकदा मुंबईहून एक बडे साहेब ऑडिटला आले, कानावर पेन्सिल. नानांनी वाकून नमस्कार केला, हात लांब करून त्यांच्या कानावरची पेन्सिल काढली आणि डब्यात टाकली. म्हणाले, "जाताना घेऊन जा साहेब. टोक काढून ठेवतो." आमचे मॅनेजर पांढरेफटक पडले. साहेब जायला निघाले तेव्हा नाना खरंच टोक काढलेली पेन्सिल घेऊन गाडीपाशी उभे होते.

नवीन विमान आलं की खुर्च्या काढायच्या आत नाना आत जायचे आणि कुठल्याही एका खुर्चीवर मिनिटभर बसायचे. दर वेळी वेगळी खुर्ची. समोरच्या खिशात हात घालून बघायचे. चॉकलेटचे कागद, तिकिटाचा तुकडा, एकदा लहान मुलाचा एकच मोजा निघाला, निळा. तो त्यांनी आपल्या हत्यारपेटीच्या कडीला बांधला आणि ते विमान दुरुस्त होऊन जाईपर्यंत तिथेच ठेवला. कुणी हसलं तर म्हणायचे, "हस. पण ध्यानात ठेव, कुणाचं काम करतो आपण." स्वतः ते आयुष्यात एकदाही विमानात उडाले नव्हते. कंपनीने तिकीट देऊ केलं होतं, त्यांच्या बायकोची, आमच्या काकूंची, जायची हौसही होती. नाना म्हणाले, मी पंखाकडं बघत बसेन आणि हिला ढग दाखवायचे राहतील.

पण त्यांचा खरा चक्रमपणा दुसऱ्या तपासणीत. महत्त्वाच्या जागा दोघांनी तपासायच्या असा नियमच आहे. बाकी ठिकाणी दुसरा माणूस पहिल्याला विचारतो, काय निघालं, आणि मान डोलावून सही करतो. नानांनी आमच्याकडे स्वतःची पद्धत घालून दिली होती. पहिल्याने जे पाहिलं ते दुसऱ्याला सांगायचं नाही. दोघांनी आपापला कागद लिहायचा, घडी घालायची, आणि चहाच्या वेळी दोन्ही कागद एकदम उघडायचे. मगच पक्क्या नोंदी. मी नवा असताना एकदा त्यांना म्हणालो, "नाना, उजवीकडे तिसऱ्या बोल्टपाशी जरा बघा हं." त्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली आणि चार पावलं मागे गेले. "सांगू नको. सांगितलंस की मी तेवढंच बघीन. बाकीचं डोळ्यासमोर असून दिसणार नाय." त्या दिवशी त्यांनी ती जागा मला सोडून दुसऱ्याकडून तपासून घेतली, कारण आता ते 'बाटले' होते.

हे बाटलेपण ते घरीदारीही पाळायचे. आमच्यातल्या एकाला सिन्नरला फ्लॅट घ्यायचा होता. तो नानांना घेऊन गेला. वाटेत सांगायला लागला की मी बघून आलोय, पाण्याचा प्रश्न नाही, फक्त बाल्कनी... नानांनी कानांत बोटं घातली ती सिन्नर येईपर्यंत काढली नाहीत. मोटरसायकलवर मागे बसून. फ्लॅटमध्ये त्यांनी काडीला लावलेला आरसा काढला आणि बाल्कनीच्या पोटाखाली पाऊण तास बघत राहिले. बिल्डरच्या माणसाने आणलेला चहा गार झाला. शेवटी ते म्हणाले, "आधी तुला काय दिसलं ते लिही." त्या बिचाऱ्याने माहितीपत्रकाच्या पाठीवर लिहिलं. नानांनी आपलं लिहिलं. दोन्ही कागद पायरीवर ठेवून ताडून पाहिले. घर घ्यायला हरकत नाही असं ठरलं, त्याने घेतलंही. आजवर काही झालेलं नाही, पण तो गडी पावसाळ्यात बाल्कनीत पाय ठेवत नाही.

नानांचं घर मखमलाबादच्या पुढे, मळ्यात. भाऊबंद झेंडू आणि भाजी करत, पंचवटीच्या बाजारात नेत. खंडेनवमीला सगळं हँगर हत्यारांची पूजा करायचं, त्याचा झेंडू नानांच्या मळ्यातून यायचा. आम्ही पाने, ड्रिल, यंत्रं मांडायचो. नाना मात्र एक टोपली घेऊन भंगाराच्या कोपऱ्यात जायचे. तिथे वर्षभरात काढून टाकलेले भाग असायचे, पुन्हा कुणी वापरू नये म्हणून करवतीने कापलेले. ते कापायचं काम नाना दुसऱ्याला देत नसत. त्या तुकड्यांवर ते एकेक फूल ठेवायचे. मी विचारलं तर म्हणाले, "हत्यारांना तुम्ही सगळे हाय. यांनी वीस-वीस वर्षं वजन उचललं. चांगले होते तरी काढले. यांना कोण हाय?" मला तेव्हा हसू आलं होतं. आता त्या कोपऱ्यावरून जाताना येत नाही.

आता ते सांगतो, जे सांगायचं म्हणून लिहायला बसलो.

नानांना निवृत्तीला दीड वर्ष होतं. मला आधी जाणवलं ते चष्म्यावरून. चष्मा सारखा गाडीत राहायला लागला. "तू वाच रे, चष्मा गाडीत राहिला." भागांचे नंबर मी वाचायचो. टॉर्च ते पूर्वीपेक्षा जवळ धरायला लागले. आम्हा तपासनिसांची दरवर्षी डोळ्यांची परीक्षा होते, त्यात ते आठ महिन्यांपूर्वी पास झाले होते. साखर होती त्यांना, पण ती काय, निम्म्या नाशकाला आहे. मी मनात आणलं आणि सोडून दिलं. आपल्या माणसाबद्दल असली शंका धरून ठेवायला छाती लागते, ती माझ्याकडे नव्हती.

त्या दिवशी चाकाच्या खणामागची एक चौकट तपासायची होती. सकाळी नानांनी पाहिली, दुपारी मी. डाव्या बाजूच्या चौथ्या भोकापाशी मला तडा दिसला. तांदळाच्या दाण्याएवढा, पण स्वच्छ. यंत्राच्या पडद्यावरची रेघही तिथे उसळली. मला आनंदच झाला. वाटलं, आज नानांचा आणि माझा कागद जुळणार. मी वर आलो. नाना हात धुवायला गेले होते आणि त्यांचा कागद टेबलावर घडी घालून ठेवला होता. तो मी उघडायला नको होता. मी उघडला. डावी बाजू, ठीक. उजवी बाजू, ठीक.

मी काय विचार केला ते खरं सांगतो. तडा मी पकडला आहे, भाग बदलला जाईल, विमानाला धोका नाही. मग या माणसाचं नाव कशाला घालवायचं? दीड वर्ष तर राहिलंय. मी पेन घेतलं, डावीसमोरचं 'ठीक' खोडलं आणि त्यांच्यासारख्या अक्षरात लिहिलं : चौथं भोक, तडा. घडी जशी होती तशी घातली.

चहाला बसलो. नाना म्हणाले, "चष्मा गाडीत हाय. दोन्ही तूच वाच."

मी माझा वाचला, मग त्यांचा. आवाज सरळ ठेवला होता. डाव्या बाजूपाशी आलो तेव्हा नानांनी कप खाली ठेवला.

"परत वाच."

परत वाचलं.

"मी ठीक लिहिलं होतं," नाना म्हणाले. "तडा हाय का खरंच?"

"आहे नाना."

ते उठले, चादर घेतली आणि त्या चौकटीखाली जाऊन उताणे झोपले. मी टॉर्च धरला. मी बोटाने जागा दाखवली तरी त्यांना तडा दिसत नव्हता. भिंग डोळ्याला लावून बराच वेळ बघत राहिले. मग भिंग छातीवर ठेवलं आणि अंगठा वर नेला. नख अडलं. पुन्हा नेलं, पुन्हा अडलं. "हाय," ते म्हणाले. "हाय बाबा. सकाळी नुसतं डोळ्यांनी बघितलं." आणि तसेच पडून राहिले. त्यांच्या कानाकडे पाणी ओघळत होतं आणि ते पुसत नव्हते.

उठल्यावर ते रागावतील असं मला वाटलं होतं. ते हळूच बोलले. "तुला काय वाटलं, माझं नाव राहील? अरे, तू दुसरा होतास. दुसराच असा वागला तर त्याच्यामागं कोण हाय? त्याच्यामागं डायरेक्ट प्रवासीच हाय की."

तिथून ते थेट मॅनेजरकडे गेले आणि अर्ज दिला. माझे डोळे गेले आहेत, गेल्या परीक्षेनंतर मी पाहिलेली सगळी विमानं पुन्हा तपासा. मॅनेजरने खूप समजावलं. अकरा विमानं होती, कुठकुठे उडत होती, त्यांना परत बोलवायचं म्हणजे काय खायचं काम नाही. आजारपणाची रजा घ्या, हळूच बाजूला व्हा, असंही सुचवलं. नाना सही करूनच उठले. बाहेर मला एवढंच म्हणाले, "कागदाचं मी बोललो नाय. ते तुझं तू सांग."

मला सांगायला तिसरा दिवस उजाडला. सहा महिने माझा सहीचा अधिकार काढून घेतला, ते योग्यच झालं. तोवर नाना नोकरी सोडून गेलेले होते. निरोपसमारंभ नको म्हणाले. त्या दिवसानंतर माझ्याशी एक शब्दही न बोलता गेले, आणि वर्षभर मी त्यांच्या मळ्याकडे फिरकलो नाही.

मग त्यांच्या मुलाचा फोन आला. डोळ्यांचा पडदा साखरेने खाल्लाच होता, आता किडन्याही गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा रक्त शुद्ध करायला न्यावं लागत होतं. "नाना तुमची आठवण काढतात," तो म्हणाला.

मी गेलो तेव्हा काकू ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. मला बघून उठल्या आणि फाटकापाशीच मला थांबवलं. आवाज खाली आणून म्हणाल्या, "ते विचारतील तुम्हाला. त्या विमानांत काय निघालं का म्हणून. येईल त्याला तेच विचारतात. काय नाय निघालं म्हणून सांगा. लय दिवस राहिले नाय त्यांचे. तेवढं सुखानं जाऊ द्या."

"बरं काकू," मी म्हणालो. आणि तेव्हा मला तसंच सांगायचं होतं.

नाना पडवीत खाटेवर होते. निम्मे झाले होते. आवाजावरून मला ओळखलं, "ये," म्हणाले आणि खाटेची कड थोपटली. रागाचं नावही नव्हतं. हँगरची, एकेकाची चौकशी केली. पेन्सिली आता कोण गोळा करतं विचारलं. मी म्हणालो मीच, तर हसले.

"झाली का सगळी तपासून?"

"झाली. अकराही."

"काय निघालं?"

ओट्यावर काकूंचे हात थांबलेले मला दिसत होते. एक शब्द बोलायचा होता. त्या माणसाला आता काही दिसत नव्हतं, काही पडताळता येणार नव्हतं, मी सांगेन तेच त्याला खरं. आणि नेमकं त्यामुळेच माझ्या तोंडून खोटं निघेना. यांच्या कागदावर मी एकदा आपलं लिहून बसलो होतो.

"दोन निघाले, नाना," मी म्हणालो.

ते एकेक विचारायला लागले. कुठे? मी सांगितलं. कुणी पकडले? एक मी, तेव्हा सही दुसऱ्याची होती; दुसरा सिन्नरची एक नवी मुलगी आहे, तिने. भाग बदलले? बदलले. जुने कापले? कापले. तडे किती लांब गेले होते? फार नाही, मी म्हणालो, तुटायला अजून पुष्कळ अवकाश होता.

"हे मला बरं वाटावं म्हणून सांगतोस?"

"नाही. नोंद आहे."

त्यांनी मान हलवली. आणि मग तोंडावर पंचा घेऊन रडायला लागले. मोठ्याने, लहान मुलासारखे. "माणसं बसत होती रे त्यात," म्हणाले. "आठ महिने माणसं बसत होती. मी ठीक लिहीत होतो." मी त्यांचा हात धरून बसलो. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

बऱ्याच वेळाने शांत झाले. तोंड पुसलं. आणि मला आश्चर्य वाटलं, त्यांचा आवाज पूर्वीसारखा झाला होता. हँगरमधला. "परवा ये," म्हणाले. "परवा मला दवाखाना नाय. त्या दोन्हींचं नीट सगळं सांग मला. मी कसा चुकलो, मान कुठं वळवायला पायजे होती, ते बघू. त्या पोरीला शिकवायला उपयोगी पडंल तुला."

"येतो," मी म्हणालो.

फाटकापर्यंत काकू आल्या. त्या रडत नव्हत्या. त्यांनी रागाने फाटक उघडून धरलं. "एवढं एकच मागितलं होतं तुमच्याकडं," त्या म्हणाल्या. "आता येऊ नका. माझ्या दारात पुन्हा येऊ नका तुम्ही."

मी परवा गेलो नाही. काकूंच्या मनाविरुद्ध कसं जायचं, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर ती पडवी आणि तो पंचा मला पुन्हा बघवला नसता, आणि काकूंनी मला सबब दिली होती. आज जाऊ, उद्या फोन करू, असं करत तीन आठवडे गेले. फोन आला तो मुलाचा. नाना गेले होते.

दशक्रिया रामकुंडावर झाली. दुपारी सगळे मळ्यात जेवायला परतले, त्यांच्यामागून मी गेलो आणि कडेला उभा राहिलो. मुलगा जवळ आला. त्याला माझ्या आणि काकूंमधलं काही माहीत नव्हतं. तो म्हणाला, "तुम्ही येऊन गेल्यावर जरा तरतरी आली होती त्यांना. दवाखाना नसला की दुपारी शर्ट घालायला मागायचे. बटणं लावून खाटेवर बसायचे. गाडीचा आवाज आला की विचारायचे, तो आला का. कामात असेल, म्हणायचे, विमान आलं असेल मोठं. शेवटच्या आठवड्यात बसता येत नव्हतं, तरी शर्ट घालायला लावायचे."

मला तिथे उभं राहवेना. निघालो, तर काकू दारात होत्या. बाजूला झाल्या नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाल्या,

"दोन गोष्टी सांगितल्या होत्या मी तुम्हाला. पहिली ऐकली नाय. मग दुसरी कशाला ऐकली?"